आजीची मुंबई लंडनसारखी का लिहायची?

पत्र :

ताई, नमस्कार. मी पुण्यात असते, वय ३६, आयटीत नोकरी. मागे एक ऐतिहासिक कादंबरी वाचली, लंडनवर बॉम्ब पडतायत आणि एक नाटक कंपनी रोज प्रयोग लावतेय अशी, आणि मी त्या पुस्तकाने अक्षरशः वेडी झाले. माझ्या आईची आई १९४१ ते १९४५ गिरगावात राहून नाटकात कामं करायची. लग्न ठरलं आणि सोडलं. घरात हा विषय कधी निघालाच नाही, ती गेल्यावर ट्रंकेत एक फोटो आणि नाटकाच्या जाहिरातींची कात्रणं सापडली तेव्हा आम्हा नातवंडांना कळलं. तर मी तिच्यावर तशीच कादंबरी लिहायला घेतलीये, तीन प्रकरणं सोबत पाठवतेय. तिसऱ्यात प्रयोग चालू असताना सायरन होतो, गिरगावात बॉम्ब पडतो आणि नायिका गाणं थांबवत नाही. आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमधे वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले सगळं उसनं वाटतंय, तेव्हापासून एक ओळ लिहिली नाही. त्यात आई म्हणते हा विषय नकोच, मामा तर भडकलाय, "आमच्या आईला परत स्टेजवर उभी करणार का तू" म्हणाला. लिहू का सोडून देऊ? आणि लिहायचं तर एखादं प्रकरण दिवाळी अंकाला पाठवण्यासारखं आहे का?
– नेपथ्यातली

प्रिय नेपथ्यातली,

सोडायचं तर अजिबात नाही, ते आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तिन्ही प्रकरणं वाचली. दुसरं, रंगपटातलं, पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. ती आरशासमोर बसून गंगावन बांधतेय आणि शेजारची म्हणते आकडे जपून वापर गं, आता नवे मिळत नाहीयेत, त्या एका वाक्यात युद्ध आलं बघ. कुठेही तारीख नाही, चर्चिल नाही, तरी आलं. आणि तिसऱ्या प्रकरणात तू आख्खा बॉम्ब टाकलास तरी नाही आलं. तुमचे ते काका बरोबरच बोलले, फक्त का ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगायचा प्रयत्न करते.

पहिली गोष्ट म्हणजे शत्रूच्या विमानाचा बॉम्ब मुंबईवर पडलाच नाही. जपानी विमानं १९४२ च्या एप्रिलमधे विशाखापट्टणम आणि काकीनाड्यापर्यंत आली, डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब पडले, मुंबईवर नाही. मुंबईत जे होतं ते सगळं वाट बघण्यातलं होतं. सिंगापूर पडलं फेब्रुवारीत, रंगून पडलं मार्चमधे, आणि आता आपली पाळी अशा धास्तीने किती घरांनी बायकापोरं कोकणात, देशावर, मिळेल त्या बोटीने आणि गाडीने पाठवून दिली. काचांवर काळा कागद, दिव्यांना आवरण, ए.आर.पी.चे, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या दलाचे, वॉर्डन, सायरनची प्रॅक्टिस. म्हणजे सायरन ठेव की, खुशाल ठेव, पण त्याच्यानंतर काहीच होत नाही हे लिही. दर वेळी काहीच होत नाही आणि तरी भीती जात नाही, उलट साठत जाते. अशा चाळीत माणसं एकमेकांशी कशी वागत असतील, अर्धी चाळ रिकामी, मागे राहिलेले पुरुष खानावळीत जेवतायत, आणि नाटकात काम करणारी एकटी मुलगी मात्र गावाला गेली नाहीये, का गेली नाही? इथे तुझी कादंबरी आहे. तिला जायला जागा नव्हती की जायचंच नव्हतं, हे तुझ्या पहिल्या प्रकरणात कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच जाणून घ्यायचंय.

आता त्या लंडनच्या पुस्तकाबद्दल. तू वेडी झालीस यात काही चूक नाही, तो काळच तसा होता. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि ब्रिटिश सरकारने सगळी थिएटरं नि सिनेमे बंद करून टाकले, मग थोड्याच दिवसात हळूहळू उघडू दिले कारण लोकांना घरात अंधारात नुसतं बसवून ठेवणं परवडणारं नव्हतं. पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरपासून लंडनवर ५७ पैकी ५६ रात्री बॉम्ब पडले. तेव्हा प्रयोग दुपारी सरकले, डोनाल्ड वुल्फिट नावाचा नट तर स्ट्रँड थिएटरमधे जेवणाच्या सुट्टीत तासाभराचा शेक्सपिअर करायचा, ऑफिसातली माणसं सँडविच घेऊन यायची. सिबिल थॉर्नडाइकसारखी मोठी नटी वेल्सच्या खाणकामगारांच्या गावांत मॅकबेथ घेऊन फिरली. १९४१ मधे पिकॅडिलीला एक भुताची कॉमेडी लागली तिचे दोन हजाराला जेमतेम कमी प्रयोग झाले, बाहेर इतकं मरण चालू असताना लोक भुतावर हसत होते. हे सगळं खरं आहे आणि ते पुस्तकात वाचताना अंगावर काटा येतो.

पण तिकडे एक गोष्ट सरळ होती. तिकडे नाटक आणि युद्ध एकाच दिशेला ओढत होते. नटी स्टेजवर उभी राहिली की ती देशासाठी उभी राहिली असं प्रेक्षकाला वाटायचं, तिलाही वाटायचं, सरकारलाही वाटायचं, सरकारने त्यासाठी पैसे दिले, संस्था काढली, तिचीच पुढे आर्ट्स कौन्सिल झाली. पडदा उघडणं हीच देशसेवा.

तुझ्या आजीच्या गिरगावात हे युद्ध नक्की कोणाचं होतं? व्हाइसरॉयने आपल्याकडच्या एकाही माणसाला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरला असं जाहीर करून टाकलं, त्यावरून प्रांतातली काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली, आपल्या मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं पण. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला, गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड, लाठ्या, अश्रुधूर. थोड्याच दिवसात उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे साथीदार जागा बदलत बदलत मुंबईतून चोरटा काँग्रेस रेडिओ चालवायला लागले, नोव्हेंबरात पकडले गेले. आणि त्याच वेळी साताऱ्या-रत्नागिरीकडची, कोकणातली पोरं मराठा लाइट इन्फंट्रीत आफ्रिकेत, इटलीत लढत होती. यशवंत घाडगे रायगडकडचा, १९४४ च्या जुलैत इटलीत गेला, बावीस वर्षांचा, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पोरांच्या मनीऑर्डरीवर घरं चालत होती. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ इंग्रजांच्या पलटणीत आणि दुसरा इंग्रजांपासून लपतोय असं सहज असू शकतं, आणि आई दोघांसाठी एकच नवस बोलतेय.

हे तुझ्या कादंबरीत आलं की तुझी नायिका आपोआप लंडनच्या नायिकेपासून सुटी होईल. कारण मग "प्रयोग थांबवायचा नाही" या वाक्याचा अर्थच बदलतो ना. नऊ ऑगस्टला शहरात हरताळ आहे, लोक मार खातायत, तेव्हा पडदा उघडणं म्हणजे धैर्य की लाज? कंपनीचा मालक म्हणेल बुकिंग झालंय, पेटीवाला म्हणेल आज मी हात लावणार नाही पेटीला. आणि नायिका काय म्हणते? मला माहीत नाही, तुला पण आत्ता माहीत नसेल, पण ते शोधायला तू बसलीस की तुला बॉम्बची गरज पडणार नाही.

अजून एक गुंता आहे तो कंपनीत आणच. १९४१ च्या जूनमधे हिटलर रशियावर चालून गेला आणि कम्युनिस्टांच्या लेखी हे लोकयुद्ध झालं, त्यांच्या पेपरचं नावच लोकयुद्ध. १९४२ च्या जुलैत पक्षावरची बंदी उठली. म्हणजे ऑगस्टमधे काँग्रेसवाले तुरुंगात आणि कम्युनिस्ट बाहेर, युद्धाच्या बाजूने. आणि नाटकातली, शाहिरीतली कितीतरी तळमळीची माणसं या बाजूला होती! इप्टा ही डाव्या विचारांची नाट्यसंस्था स्थापन झाली ती मुंबईतच, १९४३ च्या मे महिन्यात. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टॅलिनग्राडचा पोवाडा लिहिला, विचार कर, गिरणगावातल्या कामगारांना रशियातल्या एका शहराचा पोवाडा, आणि माणसं तो ऐकत होती. त्या लोकांना देशद्रोही म्हणणारे पण तिथेच होते. आणि तिसरीकडे सावरकर तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगत होते, आणि तेच सावरकर १९४३ मधे सांगलीला मराठी रंगभूमीच्या शताब्दीच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. एका कंपनीच्या जेवणाच्या पंगतीत ही सगळी मतं शेजारी शेजारी बसवून बघ. कोणाला व्हिलन करू नकोस प्लीज. आज आपल्याला शेवट माहितीये म्हणून आपण पटकन निकाल देतो, त्यांना १९४३ मधे उद्या काय होणार हेही माहीत नव्हतं.

तू म्हणशील, बॉम्ब काढला तर "मोठा प्रसंग" कुठून आणू. अगं, मुंबईत स्फोट झाला, आणि एवढा मोठा झाला की आजही त्यावर हवं तेवढं लिहिलेलं नाही. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं, पोटात साधारण चौदाशे टन स्फोटकं आणि वर कराचीहून भरलेला कापूस, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मस्जिद बंदर, मांडवीकडचा भाग पेटला, धान्याची गोदामं जळाली, शेकडो माणसं गेली, काही हिशेबांनी हजाराच्या वर, ऐंशी हजाराच्या आसपास बेघर झाली. आग विझवायला गेलेले बंबवाले परत आले नाहीत, त्यांच्यासाठी आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

पण हे तू कसं लिहिशील ते महत्त्वाचं आहे. तुझी नायिका चार वाजता कुठे असेल? तालमीत. तिला जहाजाचं नाव माहीत असणार नाही, टन माहीत असणार नाहीत. तिच्यासाठी तो एक आवाज आहे, हादरा आहे, काचा आहेत, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट की जपानी आले. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं अशी खात्रीच. मग संध्याकाळी आभाळ लाल, रस्त्यावर अंथरूण डोक्यावर घेतलेली माणसं, आणि दुसऱ्या दिवशी बातमीच नाही! सेन्सॉरने पेपरांना गप्प केलं होतं, सविस्तर बातमी बाहेर पाठवायला मे महिना उजाडावा लागला, आणि जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. म्हणजे आपल्या गल्लीत काय झालं ते कळायला शत्रूचा रेडिओ लावायचा, तोही लपून. हा प्रसंग लंडनच्या कादंबरीत होऊच शकत नाही, तो फक्त तुझा आहे. आणि सोन्याची वीट कोणाच्या तरी घरात छप्पर फोडून पडते तो किस्सा सगळे घालतात, तू घालू नकोस, त्याने वाचणाऱ्याचं लक्ष मेलेल्या माणसांवरून सोन्यावर जातं.

मोठ्या प्रसंगाच्या अलीकडे पलीकडे जे रोजचं आहे तिथे तुझा हात खरा चालतो, तर ते वाढव. तांदूळ घे. रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. गिरगावातल्या कोकणी माणसाचं भाताशिवाय पान हलत नाही, आणि १९४३ मधे रेशनिंग आलं, कार्ड आलं, मोजून मिळायला लागलं, रांगेत उभं राहून. रात्री प्रयोग करून दोनला झोपलेली मुलगी सकाळी रेशनच्या रांगेत कधी उभी राहते? तिच्यासाठी कोण उभं राहतं, आणि त्या बदल्यात काय मागतं? सुटे पैसे मिळेनात, तांबं वाचवायला सरकारने १९४३ मधे भोकाचा पैसा काढला, बुकिंगच्या खिडकीवरची वादावादी लिहून बघ एकदा. कापड मिळेना, १९४३ मधे कापडावर नियंत्रण आलं. राजघराण्यातल्या नाटकाला शालू लागतात, मग कोणाच्या लग्नातले शालू कंपनीत येतात, भाड्याने? आणि रोज घामाने भिजून ते विरत जातात. रॉकेल नाही. गाड्यांमधे सैनिक, सामान्य माणसाला प्रवास टाळा म्हणून पोस्टरं, पेट्रोल मोजून, मोटारी कोळशाच्या गॅसवर. म्हणजे दौरा काढणं किती अवघड झालं असेल, आणि कंपनीचं तर पोट दौऱ्यावर.

आणि त्याच वेळी पैसाही खेळत होता हे विसरू नकोस. गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या, कंत्राटदार गब्बर झाले होते, काळाबाजारवाल्यांच्या खिशात नोटा मावत नव्हत्या. पहिल्या रांगेत कोण बसलंय ते आजीने स्टेजवरून बघितलं असणार. बंगालात १९४३ च्या दुष्काळात लाखोंनी माणसं मेली, मदतीसाठी कार्यक्रम होत होते, आणि धान्य दडवणारा शेठ तिकीट काढून तोच कार्यक्रम बघायला येतोय, रडतोय पण. असं एक दृश्य मला तुझ्याकडून हवंय.

नाटकधंद्याबद्दल एक सांगते कारण तिथे तू घसरलीयेस. तू असं दाखवलंस की युद्ध आलं म्हणून मराठी नाटक मरायला लागलं. नाही गं. नाटकाला धक्का आधीच बसला होता, बोलपट आले १९३१-३२ मधे आणि नाटकाची थिएटरं सिनेमाला गेली, मोठ्या मोठ्या कंपन्या कर्जात बुडाल्या. आजीने काम सुरू केलं तेव्हा पडझड होऊन गेलेली होती आणि लोक पुन्हा उभं राहायला बघत होते. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनचं कुलवधू १९४२ सालीच आलं, ज्योत्स्नाबाई भोळे भानुमती, मास्तर कृष्णरावांचं संगीत, "बोला अमृत बोला" तुझ्या आईला विचार, येत असेल. रात्रभर चालणारं, वन्समोअर घेत घेत उजाडायला संपणारं नाटक जाऊन आटोपशीर घरगुती नाटक येत होतं. ४३ मधे सांगलीला शताब्दी झाली. ४४ च्या जानेवारीत पृथ्वीराज कपूरांनी पृथ्वी थिएटर्स सुरू केलं. म्हणजे सगळ्यात कठीण वर्षांत ही धडपड चाललेली आहे. आजी त्या धडपडीत होती, मरणाऱ्या कशाततरी शेवटचा दिवा धरून उभी नव्हती, तो सूर काढून टाक.

गिरगावात राहायची म्हणजे गिरगावच्याच रंगभूमीवर होती असंही धरून चालू नकोस. परळला दामोदर हॉल होता १९२२ पासूनचा, तिथलं कामगारांचं नाटक वेगळं, प्रेक्षक वेगळा, शिट्ट्या वेगळ्या. कात्रणांवर थिएटरचं नाव छापलेलं असेल तर आधी ते वाच. कात्रणाची मागची बाजू पण वाच, तिथे भाव असतात, हरवलेल्या माणसांच्या जाहिराती असतात, कधी कधी तारीख तिथूनच मिळते. मग मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन त्या महिन्याचे पेपर काढ. नवाकाळ बघ, तो सुरू केला तोच मुळात नाटककार खाडिलकरांनी. नाटकाची परवानगी पोलिसांकडून घ्यावी लागायची, १८७६ च्या कायद्यापासूनचं ते लचांड, त्याची कागदपत्रं शोधायची तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. चार सुट्ट्या घाल तिथे, आयटीवाली आहेस, फोटो काढून नीट फोल्डर लावशील.

आणि हे पटापट दुरुस्त कर. पहिल्या प्रकरणात नायिका एसटीने मुंबईला येते, एसटी १९४८ मधे सुरू झाली. मालक लोकसत्ता वाचत बसलाय, तो पण १९४८ चा. शिवाजी मंदिर १९६५ चं, साहित्य संघ मंदिराची इमारत १९६४ ची, दोन्ही काढ. जाणकार वाचक अशा ठिकाणी एकदा अडला की मग तुझ्या खऱ्या गोष्टींवर पण विश्वास ठेवत नाही.

आता आई आणि मामा. यावर मी जरा थांबून बोलणार आहे कारण पत्रात तू हे दोन ओळीत उरकलंस आणि मला वाटतं लिहिणं थांबलं ते काकांमुळे कमी आणि यामुळे जास्त.

मामाचं वाक्य कडवट आहे, पण ते कुठून आलं ते बघ. १९३३ मधे आंधळ्यांची शाळा या नाटकात ज्योत्स्नाबाई आणि पद्माबाई वर्तक अशा घरंदाज बायका स्टेजवर आल्या त्याचं केवढं कौतुक झालं असं आपण इतिहासात वाचतो, पण कौतुक करणारेच घरी सून म्हणून नटी नको म्हणायचे. आजीने लग्नानंतर जे गिळलं ते तुझ्या आईने आणि मामाने लहानपणी बघितलंय, शेजारच्या बायकांची कुजबुज ऐकली असेल, कोणीतरी शाळेत बोललं असेल. तुझ्यासाठी आजी हिरॉइन आहे आणि त्यांच्यासाठी ती एक जखम आहे जी त्यांनी झाकून झाकून इतकी वर्षं आणली. तू म्हणशील झाकायचं काय त्यात, अभिमानाची गोष्ट आहे. खरंय, पण त्यांना तो अभिमान वाटायला कोणी वेळच दिला नाही.

म्हणून आईकडे परवानगी मागायला जाऊ नकोस, परवानगी म्हटलं की माणूस नाहीच म्हणतो. तिच्याकडे प्रश्न घेऊन जा, छोटे छोटे. आजी स्वयंपाक करताना काय गुणगुणायची? पाहुणे आले की गाणं म्हणायला सांगितलं तर म्हणायची का उठून आत जायची? युद्धातलं काही सांगायची का, रेशनचं, स्फोटाचं? नवीन साडी नेसली की आरशात किती वेळ बघायची? एका बैठकीत सगळं विचारू नकोस, भाजी निवडताना, गाडीत, असं. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवू नकोस, ती लगेच आवाज बदलेल. आणि दुसरं प्रकरण, रंगपटाचं, तिला वाचायला दे, छापायच्या आधी, ग्रुपच्या आधी. मला खात्री नाही ती हो म्हणेल याची. पण त्या प्रकरणातली मुलगी इतकी कामसू आणि इतकी नीटस आहे की आपल्या आईला असंही बघता येतं हे तिला दिसेल.

मामाच्या परवानगीवाचून तू लिहू शकतेस, फक्त फोटो त्याच्या ताब्यात असेल तर गुपचूप स्कॅन करून छापू नकोस, ते वाईट दिसेल आणि कायमचं राहील. नावं बदल, कंपनीचं नाव कल्पनेतलं ठेव, गाव बदल, भावंडांची संख्या बदल. ऐतिहासिक कादंबरीत काळ खरा असला पाहिजे, घराचा पत्ता खरा असायची गरज नाही.

आणि एक गोष्ट काढच. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तू त्या काळच्या एका प्रसिद्ध नटाचं खरं नाव घेऊन त्याचं आणि नायिकेचं काहीतरी होतं असं सुचवलंयस. पत्रात मात्र त्याचा काहीच पुरावा दिलेला नाहीस. मग तो माणूस पण गेला, आजी पण गेली, दोघांना उत्तर देता येत नाही. तुला प्रेमप्रकरण हवंच असेल तर कल्पनेतल्या माणसाशी घाल, पेटीवाल्याशी घाल, मला तो आवडलाय. पण खरं सांगू का, या मुलीला प्रेमापेक्षा कामाची ओढ जास्त आहे असं तुझ्या दुसऱ्या प्रकरणात स्पष्ट दिसतं आणि मराठीत अशी नायिका दुर्मिळ आहे. तिला कोणाच्या प्रेमात पाडायची घाई करू नकोस. १९४५ मधे युद्ध संपलं, शहरात रोषणाई झाली, आणि त्याच वर्षी तिचं लग्न ठरून काम सुटलं. तारखाच बघ ना, सगळ्यांचं युद्ध संपलं आणि हिची नाटकातली वर्षं पण. शेवट तुझ्याकडे आधीपासून आहे, फक्त तू तो बॉम्बच्या धुरात शोधत होतीस.

दिवाळी अंकाचं. दुसरं प्रकरण पाठव, कथा म्हणून, स्वतंत्र उभं राहतं ते. फक्त सुरुवातीचं पान जिथे तू युद्ध कसं सुरू झालं ते समजावून सांगितलंस ते काप, थेट गंगावनापासून सुरू कर. शेवटी तिसरी घंटा होते आणि ती विंगेत जाऊन उभी राहते तिथे थांब, त्यानंतरचा सायरन काढ. अंकांची वेळ साधारण उन्हाळ्यानंतर जवळ येते, संपादकांना आधी फोन करून विचार कथा किती शब्दांपर्यंत चालते, नाहीतर मग तेच कापतात आणि नको तिथे कापतात. पण पाठवायच्या आधी आईने वाचलेलं असू दे.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलंस की मला पाठव, नऊ ऑगस्टच्या संध्याकाळचं. पेटीवाला पेटीला हात लावत नाही म्हणतोय आणि बाहेर बुकिंगला माणसं उभी आहेत, तिथून सुरू कर.

– ताई